मॅनेज्ड केअरमधील प्राथमिक डॉक्टरची घडण

अमेरिकेत फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन आणि बालरोग या तिन्ही शाखांचे निवासी प्रशिक्षण 3 वर्षांचे असते. या प्रशिक्षणाचा मोठा खर्च मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना उचलते आणि तो पैसा मुख्यतः रुग्णालयांमार्फत येतो. साहजिकच निवासी डॉक्टरचा बराच काळ वॉर्डात जातो आणि समोरच्या एका अत्यवस्थ रुग्णासाठी जे करता येईल ते सगळे करण्याची सवय अंगात मुरते. प्रशिक्षण संपल्यावर मात्र त्याला बहुधा मॅनेज्ड केअरच्या, म्हणजे विमा योजना उपचार आणि खर्च यांवर नियंत्रण ठेवते अशा चौकटीत, हजार-दोन हजार माणसांची यादी सांभाळत बाह्यरुग्ण तपासावे लागतात.

या चौकटीचे मूळ आगाऊ वर्गणीत आहे. 1933 मध्ये डॉ. सिडनी गारफिल्ड यांनी मोहावीच्या वाळवंटात कालव्याच्या कामगारांवर रोजच्या काही सेंटांच्या वर्गणीत उपचार सुरू केले. त्यातून पुढे वाढलेली कैसर पर्मनंटे योजना 1945 मध्ये सर्वसामान्यांना खुली झाली. 1973 च्या एचएमओ (आरोग्य व्यवस्थापन संस्था) कायद्याने अशा आगाऊ वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांना संघराज्य सरकारची अनुदाने आणि कर्जे मिळाली.

पैसा देण्याची रीत बदलली की डॉक्टरपुढचा मोहही बदलतो. प्रत्येक तपासणीमागे पैसे मिळतात तेथे गरजेपेक्षा जास्त करण्याचा मोह असतो. दरडोई ठरावीक रक्कम आगाऊ मिळते तेथे गरजेपेक्षा कमी करण्याचा. दोन्हींपासून सावध राहायला शिकवणे हा मॅनेज्ड केअरसाठीच्या प्रशिक्षणाचा गाभा आहे.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे यादीचा हिशेब. दवाखान्यात आलेल्या मधुमेहींबरोबरच न आलेल्यांची साखर किती, कोणाची डोळ्यांची तपासणी राहिली, कोणत्या मुलाची लस चुकली, हे निवासी डॉक्टरने स्वतः नोंदींतून काढायला हवे. परिचारिका, औषधतज्ज्ञ आणि समाजसेवक यांच्यात काम वाटून घेणे ही दुसरी गोष्ट. तिसरी विवेकाची: साध्या कंबरदुखीत धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्याच भेटीत एमआरआय न सांगणे आणि तो का नको हे रुग्णाला पटवणे. येथे खर्च वाचतो. पण निर्णयाचा आधार पुरावाच असतो.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. औषधांची मान्य यादी, पूर्वमंजुरी, नकाराविरुद्धचे अपील हे सारे कारकुनी म्हणून सोडून देता येत नाही. योग्य उपचार नाकारला गेला असता नेमक्या नोंदी आणि पुरावा जोडून लिहिलेले पत्र हाही उपचाराचाच भाग असतो. 1990 च्या दशकात विमा योजना आणि डॉक्टर यांच्यातील काही करारांतील कलमे रुग्णाला महागडे पर्याय सांगण्यापासून डॉक्टरला रोखतात, असा आक्षेप घेतला गेला आणि अनेक राज्यांनी त्यांविरुद्ध कायदे केले.

निवासी प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या एसीजीएमई या संस्थेने 1999 मध्ये 6 क्षमता निश्चित केल्या. त्यांत आरोग्यव्यवस्थेचे भान ठेवून काम करण्याची क्षमताही आहे. ती व्याख्यानांतून येत नाही. त्यासाठी प्रशिक्षणाची सलग वर्षे एकाच दवाखान्यात, त्याच रुग्णांबरोबर जावी लागतात आणि विमा योजनांचे करार वाचून दाखवणारे शिक्षक लागतात.

व्यवस्थेचे नियम पदवीधरांनी नीट शिकावेत, खर्चाचे भान ठेवावे. मात्र नियम आणि रुग्णाचे हित यांत विरोध आला तर रुग्णाची बाजू लेखी मांडावी आणि उपलब्ध पर्याय त्याला स्पष्ट सांगावेत. पदवीने दिलेला अधिकार त्यासाठीच आहे.