हजेरीपटातील कथा

(खोपट, ठाणे येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



शहापूर-मुरबाडपासून अंबरनाथपर्यंतच्या शाळांतून आपण आज येथे खोपटास जमला आहात. कथालेखनासंबंधी चार शब्द बोलावेत असे मला सुचविण्यात आले, तेव्हा शाळाभेटींत वारंवार ऐकलेली एक तक्रार प्रथम आठवली. "लिहावेसे वाटते, साहेब, पण आमच्या शाळेत घडते काय? तीच घंटा, तोच परिपाठ, तीच खिचडी."

मराठी कथावाङ्मय पाहिले तर या तक्रारीस आधार सापडत नाही. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले व १९३८ पर्यंत तेथे राहिले. त्यांच्या आरंभीच्या कादंबऱ्या त्या गावच्या वास्तव्यातल्या. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) नववीतल्या मुलाच्या तोंडूनच सांगितलेली आहे. व्यंकटेश माडगूळकर यांनी तरुणपणी काही काळ मास्तरकी केली, आणि १९५५ साली त्यांची 'बनगरवाडी' पुस्तकरूपाने आली.

तिच्याविषयी थोडे अधिक बोलतो. औंध संस्थानातील धनगरांच्या वस्तीवर नेमलेला तरुण मास्तर तेथे पोहोचतो, तेव्हा शाळेत मुलेच नसतात. ती मेंढरांमागे रानात असतात. आपल्यापैकी कोणास हा प्रसंग अपरिचित आहे? लेखकाने मात्र पालकांच्या अज्ञानावर ठपका ठेवून विषय मिटविला नाही. मूल शाळेत बसले तर मेंढरे कोणी राखावयाची, हा त्यांचा प्रश्न त्याने खरा मानला, आणि त्या प्रश्नामागून कारभारी, रामोशी अशी एकेक माणसे कादंबरीत चालत आली. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वस्ती पांगते. मास्तरास ती थोपविता येत नाही. आपण शिक्षक कथा लिहितो तेव्हा बहुधा शेवटच्या परिच्छेदात गुरुजींचे भाषण होते व व्रात्य मुलगा सुधारतो. अशा कथा मी पुष्कळ वाचल्या. त्या मुलावर माझा विश्वास कधी बसला नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. दिवाळी सरली की कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. हजेरीपटावर ओळीने गैरहजेरीच्या खुणा पडत जातात. स्थलांतरित बालकास शिक्षण हमी कार्ड देणे हे आपले कर्तव्यच आहे, आणि ते आधी व्हावे. परंतु त्या कार्डावर जे मावत नाही ते कथेचे क्षेत्र. निघण्याच्या दिवशी मुलीने दप्तर बरोबर नेले, की शाळेच्या कपाटात ठेवावयास दिले? बापाने उचल किती घेतली होती, आणि हंगाम संपताना ती फिटली काय? धाकट्या भावंडास कडेवर घेऊन भट्टीवर वावरताना तिला पाढे आठवतात काय? जून महिन्यात ती वर्गात येते, तेव्हा तिच्या जागी बसू लागलेली मुलगी सरकते, की सरकत नाही? या शेवटच्या प्रश्नात एक संपूर्ण कथा आहे, आणि ती पाहावयास शिक्षकाशिवाय तेथे दुसरे कोणी नसते.

त्यासाठी एक साधी टिपणवही जवळ असावी. मुलाने उच्चारलेले वाक्य त्याच संध्याकाळी, त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहून ठेवावे. तेथे शुद्धलेखन सुधारू नये. लाल शाईची सवय आपणांस कथेतही सुटत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मात्र एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बापाचे व्यसन, आईचे घर सोडून जाणे, रात्रीचा उपवास या गोष्टी मूल आपणांस विश्वासाने सांगते; कथेसाठी सांगत नाही. वीस मुलांच्या शाळेत केवळ नाव बदलून भागत नाही, गाव त्यास लगेच ओळखते. म्हणून दोन-तीन मुलांचे अनुभव एकत्र करावेत, गाव बदलावे, घरची परिस्थिती बदलावी, मुलीचा मुलगा करावा. एवढे करूनही, छापील पान त्या मुलाच्या हाती पडले तर दुसऱ्या दिवशी त्यास वर्गात ताठ मानेने बसता येईल काय, असे स्वतःस विचारावे. उत्तराविषयी शंका असेल तर ती कथा वहीतच राहू द्यावी, मग ती कितीही चांगली उतरलेली असो. मूल मोठे होईपर्यंत ती थांबू शकते.

आपल्या कथा पुढील अंकासाठी केंद्रप्रमुखांकडे द्याव्यात. हस्तलिखित चालेल. लेखकाचे व शाळेचे नाव स्वतंत्र कागदावर असावे, आणि कोणत्याही विद्यार्थ्याचे खरे नाव कथेत येणार नाही याची खात्री करूनच ती पाठवावी.