घरच्या डिस्कची प्रकृती कोणी पाहावी?

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या मायदेशातील घरात अलीकडे एक लहानशी पेटी दिसू लागली आहे. राउटरला जोडलेली, दोन किंवा चार हार्ड डिस्क बसवलेली आणि चोवीस तास चालू राहणारी ही पेटी नॅस या नावाने ओळखली जाते. घरातील सर्वांना, आणि इंटरनेटद्वारे परदेशातील मुलांनाही, एकाच जागी ठेवलेल्या फायली उघडता याव्यात, हा तिचा उद्देश असतो. या फायलींत लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेले चित्रण असते, आजोबांच्या हस्ताक्षरातील वह्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती असतात, सातबाऱ्याचे उतारे आणि फ्लॅटचा करारनामाही असतो. त्यांतील बहुतेक गोष्टींची दुसरी प्रत कोठेही नसते. म्हणूनच या पेटीतील डिस्कची प्रकृती कशी आहे आणि ती कोण पाहते, हा प्रश्न संगणकाच्या हौशी मंडळींवर सोडून देण्याजोगा राहत नाही.

पुण्याजवळच्या दापोडीतील एखाद्या फ्लॅटचा विचार केला, तर या पेटीला कोणत्या परिस्थितीत काम करावे लागते ते स्पष्ट होते. एप्रिल-मे महिन्यांत पुणे परिसराचे तापमान चाळीस अंशांपर्यंत जाते, पुणे-मुंबई रस्त्याची धूळ खिडकीतून आत येते, पावसाळ्यात हवा दमट होते आणि वीज तर अधूनमधून जातेच. शिवाय धूळ लागू नये किंवा आवाज होऊ नये म्हणून ही पेटी टीव्हीखालच्या बंद कपाटात किंवा माळ्यावर ठेवली जाते. त्यामुळे तिच्या पंख्याला तीच गरम हवा पुन्हापुन्हा ओढावी लागते.

हार्ड डिस्क हे अजूनही एक यंत्र आहे, ही गोष्ट सहज विसरली जाते. तिच्यातील चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. त्यांच्यापासून काही नॅनोमीटर उंचीवर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर, वाचणारे-लिहिणारे शीर तरंगत असते. दापोडीच्या एस. टी. कार्यशाळेत गाडी रस्त्यात बंद पडेपर्यंत कोणी थांबत नाही, ती उघडून झिजलेला भाग आधीच बदलला जातो. डिस्कच्या बाबतीतही हेच धोरण हवे, असे तिच्या निर्मात्यांना फार पूर्वी वाटले. आयबीएमने १९९२ मध्ये आपल्या एएस/४०० संगणकांच्या डिस्कसंचात संभाव्य बिघाडाची पूर्वसूचना देण्याची सोय केली. कॉम्पॅकने डिस्कनिर्मात्यांच्या सहकार्याने तशीच दुसरी पद्धत उभारली आणि १९९५ मध्ये ती मानक म्हणून मांडली. त्यातून ‘स्मार्ट’ ही व्यवस्था सर्वत्र रूढ झाली. स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःवर लक्ष ठेवून स्वतःच्या स्थितीची जी नोंद करायची, ती नोंदवही होय. प्रत्येक डिस्क ही वही जन्मापासून लिहीत असते, ती कोणी वाचो वा न वाचो.

या वहीतील सर्वांत मोलाच्या नोंदी सेक्टरविषयीच्या असतात. सेक्टर म्हणजे चकतीवरील, एका वेळी वाचला किंवा लिहिला जाणारा सर्वांत लहान तुकडा. पुनःपुन्हा प्रयत्न करूनही एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर डिस्क त्याला ‘प्रलंबित’ ठरवते आणि १९७ क्रमांकाच्या नोंदीत एकाची भर पडते. या टप्प्यावर डिस्क त्या सेक्टरला आपणहून निकामी ठरवत नाही, कारण त्यातील मजकूर कदाचित पुढे कधी वाचता येईल, अशी आशा तिने सोडलेली नसते. त्याच जागी नवीन मजकूर लिहिण्याची वेळ आली, की ती जागा पुन्हा तपासली जाते. ती चांगली निघाली, तर प्रलंबित आकडा खाली येतो. वाईट निघाली, तर राखीव जागेतला दुसरा सेक्टर तिच्याऐवजी कामाला लावला जातो आणि ५ क्रमांकाच्या, म्हणजे बदललेल्या सेक्टरांच्या, नोंदीत भर पडते. यावरून प्रलंबित आकडा शून्यावर आला म्हणजे सारे ठीक झाले, असा अर्थ काढता येत नाही. त्याच वेळी ५ क्रमांकाचा आकडा वाढला आहे का, हे पाहावेच लागते. एकदाच आठ सेक्टर बदलून पुढे वर्षभर स्थिर राहिलेल्या डिस्कपेक्षा दर आठवड्याला दोनदोन सेक्टर बदलणारी डिस्क अधिक धोक्याची असते. म्हणून आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतो आहे का, हे पाहणे महत्त्वाचे, आणि ते कळण्यासाठी मागच्या महिन्याचा आकडा लिहून ठेवलेला असावा लागतो.

काही नोंदी उगाच घाबरवतात. सीगेटच्या अनेक डिस्कवर १ क्रमांकाची, म्हणजे वाचनातील चुकांची, नोंद कोट्यवधींच्या घरातला आकडा दाखवते आणि ती पाहून चांगली डिस्क टाकून दिली जाते. प्रत्यक्षात त्या एकाच आकड्यात चुकांची संख्या आणि एकूण वाचनांची संख्या अशा दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात, आणि जो मोठा भाग दिसतो तो वाचनांचा असतो. १९९ क्रमांकाची नोंद डिस्क आणि पेटी यांच्यामधील जोडणीत झालेल्या चुका मोजते. ती वाढली तर दोष बहुधा केबलचा किंवा खाचेतील संपर्कबिंदूंचा असतो. जोडणी सुधारल्यावर ती नोंद शून्य होत नाही, पण वाढायची थांबते. १९२ क्रमांकाच्या नोंदीत डिस्कची वीज अचानक तुटण्याचे प्रसंग मोजले जातात. एखाद्या घरात हा आकडा महिन्याला पाच-सहाने वाढत असेल, तर त्या घरी यूपीएसची गरज आहे, हे डिस्कनेच सांगितलेले असते. यूपीएस घेतल्यावर त्याची यूएसबी केबल नॅसला जोडली पाहिजे, तरच बॅटरी संपण्याआधी पेटी स्वतःला नीट बंद करू शकते. ही केबल खोक्यातच राहून जाण्याचा संभव मोठा असतो.

या नोंदींवर विसंबून किती राहावे, याचे उत्तर मोठ्या संख्येने डिस्क वापरणाऱ्यांच्या अभ्यासांतून मिळते. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदी तपासून २००७ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. चकतीच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यांना दिसले. मात्र बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या वहीत, तापमान सोडले तर, इशारा देणारी एकही नोंद नव्हती. बॅकब्लेझ या साठवण-सेवेने २०१६ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, निवडक पाच नोंदींपैकी किमान एक नोंद शून्याच्या वर असलेल्या डिस्क बिघडलेल्यांमध्ये ७६.७ टक्के होत्या, तर चालू असलेल्यांमध्ये ४.२ टक्के. नोंद वाढली तर ती गांभीर्याने घ्यावी आणि नोंद कोरी असली तरी निर्धास्त राहू नये, असे हे दोन्ही अभ्यास मिळून सांगतात.

वहीत जे आपोआप येत नाही, ते शोधावे लागते. स्मार्टच्या चाचण्या दोन प्रकारच्या असतात. लहान चाचणी साधारण दोन मिनिटांची, तर मोठ्या चाचणीत संपूर्ण चकती वाचली जाते आणि मोठ्या डिस्कवर तिला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागू शकतो. आठवड्याला लहान आणि महिन्याला मोठी चाचणी लावणे हा घरगुती वापरासाठी योग्य क्रम आहे. नॅसमध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवण्याची जी पद्धत असते, तिच्यात ही मोठी चाचणी अधिकच आवश्यक ठरते. वर्षानुवर्षे न उघडलेल्या फोटोखालचा सेक्टर खराब झाला, तर ते कोणाच्याच लक्षात येत नाही. मग एक दिवस पहिली डिस्क बंद पडते, नवी डिस्क भरण्यासाठी दुसरी अथपासून इतिपर्यंत वाचावी लागते आणि तो खराब सेक्टर नेमका त्या वेळी समोर येतो. डेबियन या लिनक्स प्रणालीत अशा डिस्कजोडीची पडताळणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप व्हावी, अशी व्यवस्था मुळातच ठेवलेली असते. तयार नॅस घेणाऱ्याला ती सेटिंगमध्ये जाऊन स्वतः सुरू करावी लागू शकते.

तरीही दोन डिस्क एकाच पेटीत असतात आणि पेटी एकाच घरात असते. मुळा आणि पवना या नद्यांचा संगम दापोडीजवळ आहे. मुळशी आणि पवना धरणांतून पाणी सोडले, की नदीकाठच्या सखल वस्त्यांत ते शिरते. पाणी, चोरी आणि चुकून पुसली गेलेली फाइल यांच्यापुढे डिस्कची उत्तम प्रकृती कामाची नाही. याच दापोडीत एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचा बंगला आणि सरकारी वनस्पती-उद्यान होते. १८३८ पासून तेथील अधीक्षक असलेल्या अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून तेथील वनस्पतींची चित्रे काढून घेतली. उद्यान राहिले नाही. चित्रे मात्र एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात सुरक्षित राहिली आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. जागा नष्ट झाली तरी दुसरीकडे असलेली वस्तू वाचते. तथापि चित्रकाराचे नाव आज ज्ञात नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. फोटोतील माणसांची नावे फायलीसोबत लिहून ठेवली नाहीत, तर उत्तम डिस्कसुद्धा ती सांगू शकणार नाही.

दूरची प्रत ठेवण्याच्या कामी परदेशातील कुटुंबे सोयीच्या स्थितीत आहेत, कारण त्यांच्याकडे दोन देशांत दोन घरे असतात. दापोडीची पेटी रात्री न्यू जर्सीच्या किंवा मेलबर्नच्या पेटीला प्रत पाठवू शकते आणि उलटही घडू शकते. अडचण येते ती इशारा वाचण्यात. नॅस बसवताना दिलेला ईमेल पत्ता बहुधा दुकानदाराच्या माणसाचा किंवा वडिलांच्या न उघडल्या जाणाऱ्या खात्याचा असतो. पेटी बीप वाजवते, तेव्हा शेजारच्यांना त्रास नको म्हणून तो आवाज बंद केला जातो. घरातील एका व्यक्तीकडे हे काम नावानिशी सोपवले, तर वर सांगितलेल्या निम्म्याहून अधिक अडचणी उरत नाहीत, आणि ती व्यक्ती दापोडीत असलीच पाहिजे असेही नाही.

ज्यांच्या मायदेशातील घरी अशी पेटी आहे, त्यांनी डिसेंबरच्या सुट्टीत घरी गेल्यावर ती कपाटातून मोकळ्या हवेत आणावी, ५, १९७, १९८ (तपासणीत वाचता न आलेले सेक्टर) आणि १९९ या चार नोंदींचे आकडे तारखेसह लिहून ठेवावेत, इशाऱ्याचा ईमेल आपल्याच पत्त्यावर वळवावा आणि तो खरोखर पोहोचतो की नाही, हे चाचणीचा संदेश पाठवून, परतीच्या विमानाआधी पाहून घ्यावे.