कांदळ आणि पाकट

‘बी मातीत रुजते, मासा अंडी घालतो’ असे फळ्यावर लिहिले की कोकणातील खाडीकाठचे मूल थबकते. त्याच्या शंकेला शिक्षकाने चूक ठरवू नये. कांदळाचे बी झाडावरच रुजते. शेवग्याच्या शेंगेसारखा हिरवा कोंब फांदीला लोंबत वाढतो आणि मग गळतो. पाकट माशाची अंडीही मादीच्या पोटातच फुटतात. बलक संपल्यावर पिले गर्भाशयात पाझरणाऱ्या दुधासारख्या रसावर पोसतात व जिवंत जन्मतात. साम्य एवढेच. गळालेला कोंब चिखलात रुतेल किंवा भरती नेईल तिकडे जाईल. पिलू मात्र जन्मताच पोहू लागते. शेपटीचा काटाही त्याला असतो, फक्त तो मऊ वेष्टणात असतो, म्हणून प्रसूतीत आईला इजा होत नाही.