उदरस्नायूंची फारकत : पुरुषांमधील कारणे व विचार

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि वधूवरांचा परिचय अशा मंगल कार्यक्रमांत पोटाच्या विकारावर बोलण्यास आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. त्यातून आता थोड्याच वेळात पंगत बसावयाची आहे. तथापि कार्यकारी मंडळाने विषयाची निवड आमच्यावर सोपविली, आणि आम्ही हा विषय निवडला तो आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती चूक पुढे यथाक्रम सांगू.

प्रथम विकार कोणता ते पाहू. पन्नाशी ओलांडलेला एखादा गृहस्थ पलंगावर उताणा निजलेला असतो. उठण्यासाठी तो डोके व खांदे उचलतो, आणि त्याच क्षणी छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत पोटाच्या मधोमध एक लांबट उंचवटा वर येतो. उठून उभा राहिला की तो दिसेनासा होतो. बहुधा दुखत नाही. कोणी त्यास वायू समजतो, कोणी बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेतो, आणि पुष्कळजण अंतर्गळ झाला या भीतीने गप्प बसतात. वैद्यकात यास ‘डायस्टॅसिस रेक्टाय’ म्हणतात. आपण त्यास उदरस्नायूंची फारकत म्हणू. बाळंतपणानंतर स्त्रियांत ही फारकत नेहमी आढळते, म्हणून ती बायकांचीच व्यथा असा समज आहे. तो खरा नाही. पुरुषांतही ती होते, बहुधा पन्नाशी-साठीच्या सुमारास, आणि विशेषतः बेंबीच्या वरच्या भागात.

ही फारकत म्हणजे काय, हे आपल्या विणकर ज्ञातीस समजावून सांगणे सोपे आहे. पोटाच्या पुढील बाजूस दोन उभे स्नायू, दोन पट्ट्यांसारखे, बरगड्यांपासून खाली जांघेच्या मधल्या हाडापर्यंत गेलेले असतात. त्यांच्या मध्ये जी पांढरी पट्टी असते तिला श्वेतरेषा म्हणतात. ती स्नायूंची नव्हे. पोटाच्या दोन्ही कुशींत तीन-तीन चपटे स्नायू एकावर एक असतात. त्यांचे चिवट पदर मध्यभागी येऊन एकमेकांत गुंफले जातात आणि ही पट्टी तयार होते. ताणा आणि बाणा यांचे वस्त्र व्हावे, तसेच हे कोलॅजेन नावाच्या तंतूंचे निसर्गाने विणलेले वस्त्र आहे. ते ताणले जाऊन दोन पट्ट्यांमधील अंतर २ सेंटिमीटरहून अधिक झाले, म्हणजे फारकत झाली असे समजतात.

येथे एक भेद सर्वांनी पक्का ध्यानात ठेवावा. फारकतीत वस्त्र विरळ होऊन ताणलेले असते, फाटलेले नसते. म्हणून आतडे अडकण्याचे भय तीत नाही. अंतर्गळात वस्त्रास भोक पडलेले असते. त्यातून आतड्याचा वेटोळा बाहेर येऊन अडकू शकतो, त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि मनुष्य दगावू शकतो. पंचाईत अशी की हे दोन्ही विकार एकाच पोटावर असू शकतात. ज्यास फारकत आहे त्यास बेंबीचा किंवा तिच्या वरच्या बाजूचा अंतर्गळ असणे मुळीच दुर्मीळ नाही.

आता आमची चूक. आमचे थोरले बंधू तरुणपणी मागावर बसत. पुढे त्यांनी कापडाचे दुकान केले. पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्या पोटावर असा उंचवटा दिसू लागला. घरात डॉक्टर असूनही त्यांनी दोन वर्षे आम्हांस सांगितले नाही. धोतराखाली पंचा घट्ट गुंडाळून ते गादीवर बसत, आणि अंतर्गळ वाढेल या भीतीने त्यांनी सकाळचे फिरणे सोडले. फिरणे सुटले तसे पोट सुटले, आणि पोट सुटले तशी फारकत रुंदावली. अखेर एका लग्नघरी वहिनींनी ही गोष्ट आमच्या कानी घातली. आम्ही तेथेच दादांना निजवून पाहिले आणि चारचौघांत हसून म्हणालो, “दादा, हे काही नाही. याने कोणी मरत नाही.”

ते वाक्य दादांपुरते खरे होते. परंतु तेथे बसलेल्या आमच्या एका चुलतभावाने ते ऐकले. त्याच्या बेंबीशी सुपारीएवढी गाठ होती. ‘दादांस आहे तेच आपणास आहे’ असे त्याने मनाशी ठरविले. काही महिन्यांनी एका रात्री ती गाठ टणक झाली, आत जाईना, वांत्या सुरू झाल्या. घरच्यांनी दवाखान्यात नेतो म्हटले, तेव्हा त्याने आमचेच वाक्य त्यांस ऐकविले आणि सकाळपर्यंत थांबविले. शस्त्रक्रियेत आतड्याचा एक तुकडा काढून टाकावा लागला. तो वाचला, हे त्याच्या घरच्यांचे आणि आमचेही दैव. ‘काही नाही’ हे उत्तर अर्धवट असते, हा धडा आम्ही त्या दिवशी घेतला. काय नाही आणि काय आहे, व ते कशामुळे झाले, हे सांगितल्यावाचून डॉक्टराचे काम पुरे होत नाही. म्हणून आता कारणांकडे वळू.

सर्व कारणे दोन प्रकारांत येतात : आतून पडणारा दाब, आणि वस्त्राचा स्वतःचा विरळपणा.

दाबाचे पहिले कारण पोटातील चरबी. कातडीखालची चरबी चिमटीत येते. आतड्यांभोवतीची चरबी येत नाही, आणि तीच आतून भिंत पुढे लोटते. आपणा भारतीयांत ही चरबी अंगाने बारीक दिसणाऱ्यांतही असते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३ होता; परंतु शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. तेव्हा ‘मी कोठे लठ्ठ आहे?’ असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. भारतीय पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा, असे तज्ज्ञांचे मत आहे. आपले वाडवडील दिवसभर माग चालवीत. आज आपण दिवसभर खुर्चीत बसतो. पंगतीतील सावजी रस्सा आणि रविवारचे तर्री-पोहे मात्र पूर्वीइतकेच, किंबहुना अधिक चालतात.

दुसरे कारण कुंथणे व खोकणे. खोकताना, शौचास जोर करताना पोटातील दाब एकदम चढतो. हे एकदोनदा घडले तर काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे दिवसातून अनेकदा घडले तर वस्त्र सैल होते. बिडी-सिगारेटचा खोकला, दमा, जुना बद्धकोष्ठ, आणि उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने लघवीस करावा लागणारा जोर, ही सारी या वर्गातील कारणे. नागपूरकरांस येथे एम्प्रेस मिलची आठवण होईल. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी आता राहिली नाही. परंतु कापसाच्या धुळीने होणारा गिरणी कामगारांचा खोकला आपल्यापैकी अनेकांनी आपल्या घरात ऐकला आहे. वडिलांच्या खोकल्याकडे सर्वांचे लक्ष होते. त्यांच्या पोटाकडे कोणाचे गेले नाही.

तिसरे कारण चुकीच्या रीतीने ओझे उचलणे. इतवारीत किंवा कळमन्यात पोती उचलणारा असो, की घरी सिलिंडर हलविणारा असो. श्वास कोंडून, कंबरेतून वाकून झटक्याने भार उचलला की सारा ताण मधल्या पट्टीवर येतो. व्यायामाचेही असेच आहे. आपल्या वऱ्हाड-नागपूरला व्यायामाची थोर परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकार तेथे करून दाखविले. व्यायामास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पोट सुटल्यावर घाबरून, मार्गदर्शकावाचून, उताणे निजून धड उचलण्याच्या बैठका शेकड्यांनी काढणे हा व्यायाम नव्हे. ज्या हालचालीत उंचवटा वर येतो, ती फारकत झालेल्याने सोडून द्यावी.

चौथे कारण वय आणि वंश. वय वाढते तसे कोलॅजेनचे तंतू दुबळे होतात. काही घराण्यांत ते मुळातच सैल असतात. म्हणून सारखेच ओझे उचलणाऱ्या दोघांपैकी एकास फारकत होते, दुसऱ्यास होत नाही. हा कोणाच्या पौरुषाचा कमीपणा नव्हे. लपविण्यासारखेही त्यात काही नाही.

याशिवाय एक कारण गंभीर आहे. पोट थोड्या दिवसांत घागरीसारखे फुगू लागले, पायांस सूज आली, तर ते जलोदराचे लक्षण असू शकते. त्याच्या मुळाशी पुष्कळदा यकृताचा रोग असतो, आणि मद्यपान हे त्याचे एक मोठे कारण आहे. तेथे पोटाच्या स्नायूंचा विचार नंतर, आधी यकृताचा.

मग करावे काय? उताणे निजून, गुडघे दुमडून, डोके किंचित उचलावे आणि बेंबीच्या वर मधोमध बोटांनी चाचपून पाहावे. दोन बोटांहून अधिक खाच लागली तर डॉक्टरांस दाखवावे. सोबत अंतर्गळ आहे की काय, याचा निर्णय त्यांनाच करू द्यावा. जरूर पडल्यास सोनोग्राफीने तो स्पष्ट होतो. त्यानंतर ज्याचे जे कारण, त्याचा तो उपाय : खोकला असेल तर खोकल्याचा, बद्धकोष्ठ असेल तर त्याचा, चरबी असेल तर आहाराचा व रोजच्या चालण्याचा. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. भार उचलताना गुडघ्यांतून वाकावे व श्वास सोडीत उचलावा. पट्टा बांधल्याने आधार वाटतो, फारकत बरी होत नाही. शस्त्रक्रिया सर्वांस लागत नाही. अंतर्गळ जोडीस असेल किंवा त्रास फार असेल तर तिचा विचार होतो. बेंबी चोळणाऱ्याच्या हाती मात्र पोट देऊ नये. आणि गाठ टणक झाली, दुखू लागली, आत जाईना, वांती झाली, शौच-वारा बंद झाला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेस मोठे रुग्णालय गाठावे.

आमचे दादा आज पुन्हा फिरावयास जातात. उंचवटा अजून आहे, पण तो पूर्वीइतका रुंद नाही, आणि त्यांची भीती गेली. चुलतभावाच्या पोटावरील व्रण पाहिला की आम्हांस आमचे ते वाक्य आठवते. भगिनींनी घरातील पुरुषमंडळींस, आणि पुरुषमंडळींनी आपल्या वडिलांस, ही गोष्ट संकोच न धरता विचारावी, एवढीच आमची विनंती.

 पंगत तयार आहे. सर्वांनी यथेच्छ जेवावे, परंतु दोन घास कमी.