दाखला हलतो, पैसा हलत नाही

(पौड इथं विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी उचलणारा माणूस. मॅट्रिकच्या पुढं शिकलो नाही. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावलं, पण आज कविता नाही, हिशेब बोलणार. गोदीत माल एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर न्यायचा तर आधी कागद हलतो, मग माल. कागदाशिवाय हलला तो चोरीचा माल. आपल्या पोरांचं तेच झालंय. पोरगं हलतं, कागद मागं राहतो, आणि चोर ठरतं पोरगंच.

मुळशीतली पोरं कॉलेज का बदलतात? हौस म्हणून? ताम्हिणीच्या अंगाला राहणाऱ्या पोरीचा अर्धा दिवस एसटीत जातो. पुण्यात खोली घ्यावी तर भाडं परवडत नाही. बापाचं काम सुटतं. मग घरचे म्हणतात, जवळच्या कॉलेजात नाव घाल. इथंच फास बसतो.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासूनची. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात होते. ही कुणाच्या बापाची खैरात नाही, हक्क आहे. पण तिच्या नियमात एक कलम दबा धरून बसलंय : सरकारची आधी परवानगी न घेता विषय किंवा संस्था बदलली, तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. दुसरं कलम : वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडलं, तर दिलेले पैसे परत मागता येतात. प्रवेशाच्या खिडकीवर हे तुम्हाला कुणी सांगितलं? कुणीच नाही.

पैसा येतो उशिरा. जुनं कॉलेज म्हणतं, आधी बाकी भर, मग कागद ने. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीनं ऑक्टोबर २०१८ मध्येच बजावलंय. तो कागद खिशात ठेवा, टेबलावर आपटा.

स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. म्हंजे गाव बदललं की भाकरीचा आकडाही बदलतो. आणि ज्यानं बँकेचं कर्ज काढलंय, त्याचं कर्ज त्या कॉलेजच्या, त्या कोर्सच्या नावावर मंजूर असतं. हप्ता थेट कॉलेजला जातो. कॉलेज सोडलं की पुढचा हप्ता थांबतो, पण घेतलेल्या रकमेवर व्याज थांबत नाही. व्याजाला कॉलेज लागत नाही!

ही अडचण बाबासाहेबांनाही चुकली नाही. १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियात गेले. १९१६ ला लंडनला नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ ला अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पण निघताना विद्यापीठाकडून चार वर्षांत परत येण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली. १९२० ला स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढ्यावर पुन्हा गेले. डी.एस्सी. मिळवलीच. ती परवानगी नसती तर?

म्हणून ऐका. हलण्याआधी अर्ज द्या, समाजकल्याणच्या ऑफिसात आणि दोन्ही कॉलेजांत. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का घ्या. तोंडी 'होऊन जाईल' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कर्ज असेल तर बँकेला आधी लेखी कळवा. महाडीबीटीवर जुन्या कॉलेजच्या नावानं अर्ज लोंबकळत असेल, तर त्याचा निकाल लावूनच निघा. एकट्यानं जाऊ नका. दहाजण जा. एकट्याला उद्या या म्हणतात, दहांना खुर्ची देतात.

आणि मागणीही करा. २०२१ मध्ये क्रेडिटची बँक काढली, एका विद्यापीठातली कमाई दुसरीकडं नेता येते म्हणतात. मार्क चालत जातात, मग शिष्यवृत्तीचेच पाय कुणी बांधले? पोरगं जिथं शिकेल तिथं तिचा पैसा गेला पाहिजे. आपण मागतोय तो फक्त आपला कागद, आपल्या मालासोबत.

जय भीम.