गावची पट्टी आणि राज्याची तिजोरी

(रोहिणखेड, ता. मोताळा, जि. बुलढाणा येथे ग्रामस्थांपुढे गावच्या शिक्षकाने केलेले भाषण)



हल्ली काही शहाण्या मंडळींकडून एक विचार ऐकू येतो. राज्य सरकारने लोकांच्या मिळकतीवर कर घेऊ नये. शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता यांचा खर्च ज्या त्या गावाने आपल्या पट्टीतून करावा. म्हणजे पैसा डोळ्यांसमोर राहील आणि मधली खाणारी तोंडे कमी होतील. ऐकायला गोष्ट गोड आहे. परंतु गोड बोलण्यावर अंगठे उठवून आमच्या वाडवडिलांनी शेते गमावली आहेत. म्हणून आधी हिशेब पाहू.

इन्कम टॅक्स घेते ते दिल्लीचे सरकार. मिळकतीवरचा राज्याचा म्हणावा असा कर म्हणजे व्यवसाय कर. आम्हा शिक्षकांच्या पगारातून तो दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जातो. वर्षाला २५०० रुपयांपेक्षा जास्त तो घेता येत नाही, अशी घटनेचीच मर्यादा आहे. आणि कुणबी, माळी, सुतार, लोहार कर भरत नाहीत असे कोणी म्हणेल, तर त्यास विचारा : खताच्या पोत्यावर, डिझेलवर, साबणाच्या वडीवर कर कोण भरतो? तेव्हा तिजोरीत आमचाही घाम आहे.

आता गावच्या पट्टीची जुनी कथा ऐका. मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास सारा भरणाऱ्या रयतेवर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. १८६९ साली त्याचा कायदा झाला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. नाव लोकल, पण फंडाची किल्ली रयतेच्या हाती नव्हती. १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी स्पष्ट मांडले की, सरकारचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या कष्टातून येते आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. पैसा गावातून निघाला म्हणजे तो गावाच्या कामी येतोच असे नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

दुसरी कथा आमच्या आईबापांनी अनुभवलेली. १९७२ चा दुष्काळ! विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली, माणसे खडी फोडायला गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर पसरली. तिला पैसा कोठून आणायचा? १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला तो याच कामासाठी. मुंबई-पुण्याचा पगारदार, वकील, व्यापारी यांनी कर भरायचा. जेवढा जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे. २६ जानेवारी १९७९ पासून काम मागण्याचा हक्क कायद्याने अंमलात आला. पुढे २००५ साली देशाने कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

बंधूंनो, यातले मर्म ओळखा. आमचे गाव घाटाखाली, पोट पावसावर. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्याच वर्षी घरपट्टी-पाणीपट्टी थकते. आणि त्याच वर्षी टँकर, चारा आणि मजुरी यांची गरज दुप्पट होते. गावची पट्टी आमच्याबरोबरच उपाशी राहते. जे स्वतःच बुडत आहे, ते दुसऱ्याला काय तारणार? शिवाय ज्या गावाजवळ कारखाना असेल त्याची शाळा माडीची, आणि ज्याच्याजवळ खडकाळ रान त्याची शाळा झाडाखालची! ज्या पोराचा जन्म गरीब गावात झाला, त्याने काय गुन्हा केला? जन्मावरून भाग्य ठरवण्याची रीत आपण एका दाराने हाकलली. ती दुसऱ्या दाराने आत घ्यायची काय?

म्हणजे गावची पट्टी नको असे नव्हे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा गावाने कर पूर्ण भरणाऱ्यास दळण फुकट दळून देण्याची रीत पाडली. लोकांना दिसले की दिलेला पैसा घरी परत येतो, आणि वसुली वाढली. दिव्याचा, गटाराचा, नळाचा खर्च गावानेच करावा; तेथे गावाचा डोळा तेज असतो. परंतु शिक्षकाचा पगार, दवाखाना आणि दुष्काळातले काम ही ओझी एकट्या गावाच्या खांद्यावर टाकणे म्हणजे बैल मेल्यावर धन्याला जूला जुंपणे होय.

खाणारी तोंडे कमी करायची आहेत ना? त्याला करच बुडवणे हा उपाय नव्हे. उंदीर लागले म्हणून कोणी कणगी जाळीत नाही. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात आली. ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. तेथे बसा. पट्टी किती जमली, वरून किती आले, कोणत्या कामाला गेले, हे विचारा. मायबहिणींनो, तुम्ही पुढे बसा. पाण्याचा हंडा तुमच्या डोक्यावर, मग हिशेबाची वही दुसऱ्याच्या बगलेत का? ज्याला वाचता येत नाही त्याने शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावे. आम्ही शिक्षक त्यासाठी संध्याकाळी हजर राहू.

आपली पट्टी वेळेवर भरा, राज्याच्या तिजोरीवरला आपला हक्क सोडू नका, आणि दोन्हींचा हिशेब मागितल्याशिवाय सभेतून उठू नका. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.