खारे पाणी आणि पाणपिसू



आजचा विषय मोहरीएवढ्या प्राण्याचा आहे. एवढ्याशा जिवासाठी वसंत व्याख्यानमालेची एक संध्याकाळ खर्ची घालावी काय, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती रास्तच आहे. परंतु नद्या आणि तळी बिघडवण्याची गोष्ट निघाली की एक उत्तर हमखास ऐकू येते: ‘निसर्ग सांभाळून घेतो हो!’ हे उत्तर कितपत खरे, हे या प्राण्याकडून नेमके कळते. म्हणून आम्ही त्याला इथे आणला आहे.

शास्त्रज्ञ याला डॅफ्निया म्हणतात. आपण त्याला पाणपिसू म्हणू, कारण पाण्यात तो पिसवेसारखा टुणटुण उड्या मारीत वर सरकतो. जात मात्र पिसवेची नव्हे. खेकडा, कोळंबी यांच्या गोतातली, कवचधारी. अंगाने इतका पारदर्शक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे हृदय धडधडताना दिसते. मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८८४ साली याच्याच शरीरात रक्तातील पेशी रोगबीज गिळताना पाहिल्या, आणि पुढे १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. गोड्या पाण्याच्या तळ्यात हा हिरवे शेवाळकण गाळून खातो आणि स्वतः लहान माशांच्या पोटात जातो. तळ्याचे पाणी नितळ राहते यात त्याचा वाटा मोठा.

आता खारेपणाची भानगड समजून घेऊ. सध्या घरोघर कैरीचे लोणचे घालण्याची गडबड आहे. फोडींना मीठ चोळून ठेवले की सकाळी पातेल्यात पाणी सुटलेले असते. जिकडे मीठ जास्त तिकडे पाणी धावते, एवढाच तो नियम. पाणपिसूच्या रक्तात मीठ असते, बाहेरच्या तळ्यात जवळजवळ नसते. म्हणजे बाहेरचे पाणी अखंड आत झिरपते आणि आतले मीठ अखंड बाहेर निसटते. हा प्राणी जन्मभर दोन कामे करीत असतो: आलेले पाणी बाहेर टाकायचे, आणि गेलेले मीठ कणाकणाने तळ्यातून परत ओढून घ्यायचे.

हे ओढायचे कसे? पेशींच्या आवरणात त्यासाठी अतिसूक्ष्म पंप असतात. त्यांचा शोध १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी लावला, आणि गंमत पाहा, तोही खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंवर प्रयोग करताना! पारितोषिक मिळायला मात्र १९९७ साल उजाडावे लागले. हा पंप प्रत्येक झटक्याला सोडियमचे तीन कण पेशीबाहेर ढकलतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. तुमच्याआमच्या शरीरातही हाच पंप चालतो.

पाणीच खारे झाले तर सारी दिशा उलटते. आता मीठ आत घुसू पाहते, ते बाहेर काढले पाहिजे. हे काम कोणी करून दाखवले असेल तर पाणपिसूच्या एका दूरच्या भाऊबंदाने. त्याचे नाव आर्टेमिया. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेकमध्ये तो विपुल आहे. आपल्या मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत तो सापडल्याचे १९५३ साली प्रसिद्ध झाले होते. समुद्राच्या कितीतरी पट खाऱ्या पाण्यात तो मजेत पोहतो. तो ते पाणी चक्क पितो, आणि मीठ कल्ल्यांवाटे बाहेर फेकतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की अति खाऱ्या पाण्यात तो निराळ्या घडणीचे पंप वाढवतो. हे पंप झटक्याला तीनऐवजी दोनच सोडियम ढकलतात आणि एकच पोटॅशियम घेतात. काम कमी, पण चढ तीव्र असला तरी चालते. भरलेला ट्रक घाट चढताना पहिल्या गिअरमध्ये घालतात, तसलाच हा प्रकार. अर्थात ही तयारी एका रात्रीत झालेली नाही. त्यामागे लाखो वर्षे आहेत.

पाणपिसूला एवढा अवधी कोण देणार? त्याच्या तळ्यात मीठ येते ते आपण टाकलेले. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचते. पॉटमध्ये आइस्क्रीम करताना आपण बर्फावर मीठ घालतो ते ज्या गुणासाठी, त्याच गुणासाठी तिकडे रस्त्यावर मीठ पसरतात: खारे पाणी सहज गोठत नाही. मोटारी घसरत नाहीत, माणसे वाचतात, हे आम्हाला मान्य आहे. पण एकट्या अमेरिकेत हे मीठ वर्षाला दोन कोटी टनांच्या घरात जाते आणि बर्फ वितळले की ते ओढ्यांतून तळ्यांत उतरते. मीठ कुजत नाही, उडून जात नाही. न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज हे नितळ पाण्यासाठी नावाजलेले सरोवर. त्यातही खारेपणा चढत गेला आहे.

त्या राज्यातील संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. मोठमोठ्या टाक्यांत तळ्यासारखी वस्ती बसवून त्यांनी पाच प्रतींचे पाणी ठेवले: एका लिटरमध्ये १५ मिलिग्रॅम क्लोराइडपासून १००० मिलिग्रॅमपर्यंत. अडीच महिने गेले. पाणपिसूच्या तेवढ्यात पाच ते दहा पिढ्या होतात. मग प्रत्येक टाकीतले प्राणी काढून तीन पिढ्या गोड्या पाण्यात वाढवले, म्हणजे आईकडून आलेली तात्पुरती सवय असेल तर निघून जावी. आणि नंतर परीक्षा घेतली. १३०० मिलिग्रॅमच्या पाण्यात, ज्यांच्या पूर्वजांनी खारे पाणी सोसले होते ते अधिक तगले. ज्यांचे पूर्वज गोड्या पाण्यात राहिले होते ते त्या मानाने अधिक मेले. अडीच महिन्यांत वंश बदलला! डार्विनला हे पाहून खचित आनंद झाला असता.

‘निसर्ग सांभाळून घेतो’ म्हणणारे इथे टाळ्या वाजवतील. त्यांनी जरा थांबावे. त्याच परीक्षेत १५०० मिलिग्रॅमच्या पाण्यात जुने-नवे सारेच ढासळले. समुद्रात क्लोराइड लिटरला १९ हजार मिलिग्रॅम असते. म्हणजे आर्टेमियाचा मुलूख कुठल्याकुठे दूर आहे. पाणपिसूने जिंकले ते जेमतेम अंगण.

आणि त्या अंगणाची किंमतही द्यावी लागली. प्रत्येक प्राण्याच्या पेशींत दिवसरात्रीचे एक घड्याळ असते. पाणपिसू दिवसा खोल अंधारात उतरतो, कारण उजेडात मासे त्याला टिपतात. रात्री वर येऊन चरतो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात दिसले की ज्या वंशांनी मीठ सोसण्याची ताकद कमावली, त्यांच्या घड्याळाची लय मंदावत गेली आणि शेवटी लोपली. गोड्या पाण्यातल्यांचे घड्याळ मात्र ठीक चालू होते. टाकीत मासे नसतात, म्हणून तिथे हे खपून जाते. तळ्यात भलत्या वेळी वर आलेल्या पाणपिसूचे काय होईल, याचा विचार श्रोत्यांनी करावा.

दुसरे असे की सगळ्याच तळ्यांना अशी सवड मिळत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अमेरिका, कॅनडा, स्पेन आणि स्वीडन येथील तळ्यांचे पाणी घेऊन हीच तपासणी झाली. अमेरिकन सरकारने ठरवलेली दीर्घकाळची मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम क्लोराइडची, कॅनडाची १२०. त्या मर्यादांच्या आतच बहुतेक ठिकाणी या सूक्ष्म प्राण्यांची संख्या निम्म्याहून खाली आली, आणि खाणारे कमी झाल्यामुळे पुष्कळ ठिकाणी शेवाळ वाढले. कागदावर जे पाणी निर्धोक ते पाणपिसूला निर्धोक नव्हते.

तिकडची काही गावे आता शहाणी झाली आहेत. रस्त्याच्या उंचसखलपणाशी जुळवून घेणाऱ्या पात्यांनी बर्फ आधी खरवडून काढायचे, मग कोरड्या खड्यांऐवजी मिठाचे पाणी मोजून शिंपडायचे. याने मीठ बरेच कमी लागते. लेक जॉर्जच्या काठीही ही रीत सुरू झाली आहे. मात्र जमिनीत आधीच मुरलेले मीठ विहिरींतून आणि झऱ्यांतून हळूहळू झिरपतच राहणार, आणि ते सरोवरात पोचायला पुढची कित्येक वर्षे लागतील.